पोचल्या पोचल्या निघायची घाई

रेवी होहेपाला एका जागी निवांत बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. ब्रिस्बेनच्या दक्षिणेला, लोगनमध्ये, तो शहराची बस चालवायचा. आठवडाभर तीच बस, तेच थांबे. शुक्रवारी घरी आला की बूटसुद्धा न काढता सरळ गॅरेजात शिरायचा. तंबू, बर्फाची पेटी, घडीच्या खुर्च्या, सगळं गाडीत चढायचं. शनिवारी उजाडलं की बायकोपोरंही चढायची.

"या वेळी कुठे?" लॉरेन विचारायची. ती क्वीन्सलंडचीच, ऊसवाल्यांची मुलगी. लग्नाआधी तिने आपल्या गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

"पश्चिमेला."

"पश्चिमेला म्हणजे कुठे?"

"बघू ना वाटेत."

वाटेत बघत बघत या कुटुंबाने अर्धा ऑस्ट्रेलिया पालथा घातला होता. पण तंबूच्या दोऱ्या ताणून होतात न होतात, चहाला उकळी फुटते न फुटते, तोवर रेवीचं बोट नकाशावर पुढच्या गावाकडे सरकलेलं असायचं. धाकटा टोबी कुरकुरायचा, "बाबा, आत्ताच तर आलो." रेवी हसायचा, थोडं बसायचा आणि पुन्हा उठून गाडीच्या टायरना लाथा मारून हवा बघायचा.

हा प्रवासाचा नाद बापाकडून आला असं तो सांगायचा. बाप न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा, वाइपुना नावाच्या माओरी वस्तीतला. तरुणपणी कामासाठी पोरिरुआला आला आणि मोटारींच्या कारखान्यात लागला. रेवी तिथेच जन्मला. दर नाताळात बाप सगळी पोरं एका गाडीत कोंबायचा आणि दिवसभर गाडी हाकत वाइपुना गाठायचा. मागच्या बाकावर एकमेकांच्या मांडीवर पोरं, पायाशी भाकऱ्यांचं गाठोडं, आणि बाप प्रत्येक डोंगर-नदीचं नाव घेत चाललेला. वाइपुनाला पोचलं की चुलत भावंडं रेवीला "शहरी बाबू" म्हणून चिडवायची, कारण त्याला माओरी बोलता यायचं नाही. आणि पोरिरुआच्या शाळेत तोच "किनाऱ्यावरचा अडाणी" ठरायचा. विशीत त्याने दोन्ही सोडलं आणि समुद्र ओलांडला.

बाप गेला तेव्हा रेवी बर्ड्सव्हिलच्या पलीकडे वाळवंटात होता. थोरली मुलगी अना तेव्हा रांगत होती, टोबी जन्मायचा होता. फोन लागत नव्हता. परतीच्या वाटेवर एका पेट्रोल पंपावर निरोप मिळाला, तोवर बापाला मातीआड करून झालं होतं. त्याने पंपाच्या भिंतीला टेकून थोडा वेळ काढला, टाकी भरली आणि गाडी सुरू केली. त्यानंतर वाइपुनाचं नाव त्याने घरात काढलं नाही. भटकंती मात्र वाढली.

अना पंधराची झाली तशी लोगनमधल्या माओरी मुलांच्या नाचगाण्याच्या मंडळात जाऊ लागली. तिथे उभं राहून आपली ओळख सांगायची असते: माझा डोंगर अमुक, माझी नदी तमुक, माझी माणसं ही. एका संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात विचारलं, "बाबा, आपला डोंगर कुठला?"

रेवीने नाव सांगितलं.

"कसा दिसतो?"

"डोंगरासारखा."

"तुम्ही आम्हाला कुठे कुठे नेलंत. भेंडीच्या आकाराचा दगड दाखवायला दोन दिवस गाडी चालवलीत. मग आपलाच डोंगर का नाही दाखवला?"

रेवी उठून गॅरेजात गेला.  त्या नाताळची विमानाची तिकिटं लॉरेननेच काढली, आणि वाइपुनाला राहणाऱ्या हुहाना आत्याला, म्हणजे रेवीच्या बापाच्या बहिणीला, फोनही तिनेच केला.

ऑकलंडला त्यांनी भाड्याने व्हॅन घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच रेवीला पोचायची घाई नव्हती. टौरंगाला मासे खायला थांबला. ओपोटिकीला टायर तपासून घेतले, पुढे जाऊन परत तपासले. किनाऱ्याचा रस्ता लागला, पोहुतुकावाची झाडं लालभडक फुलली होती, आणि हा प्रत्येक वळणावर पोरांना म्हणत होता, "पोहायचं का?" पोरांचे केस वाळायला वेळच मिळेना. आत्याचे फोन येत होते.

"कुठवर आलात गं?"

"आलोच, आत्या," लॉरेन म्हणायची आणि नवऱ्याकडे बघायची.

शेवटी रेवीने व्हॅन एका कच्च्या वाटेला घातली. "इथे आत एक धबधबा आहे."

"रेवी, मी पाटी वाचली. ही वाट खडीच्या खाणीकडे जाते."

त्याने व्हॅन थांबवली. हात स्टेअरिंगवरच होते. "कुठल्या तोंडाने जाऊ? ते मला विचारतील."

"विचारू देत की."

"तुला माहीत नाही आमची माणसं. चारचौघांत विचारतात."

"मग चारचौघांत उत्तर दे. चल, व्हॅन वळव. माझे पाय सुजलेत."

वाइपुनाच्या सभाघराच्या फाटकापाशी हुहाना आत्या काळ्या कपड्यांत उभी होती. ऐंशीला टेकलेली, अंगाने चिमणीएवढी. तिने रेवीच्या हातात त्याच्या बापाचा चौकटीतला फोटो दिला. "छातीशी धर. आज तू त्याला घेऊन येतोयस. आणि हळू चाल, नेहमीसारखा पळू नकोस."

आतून एका बाईने आरोळी देऊन त्यांना बोलावलं. आत्याने बाहेरून साद दिली. रिकामं अंगण ओलांडताना रेवीने फोटो छातीशी घट्ट धरला. समोरच्या ओसरीवर बायका रडू लागल्या. त्या त्याच्यासाठी रडत नव्हत्या, त्याच्या हातातल्या माणसासाठी रडत होत्या, आणि तरीही त्याला वाटलं, सगळे आपल्याकडेच बघताहेत.

मग तुरेई काका उठले. हे बापाचे धाकटे भाऊ. काठी टेकत ते अंगणात येरझारा घालू लागले. आधी माओरीत बराच वेळ बोलले. मग रेवीसमोर थांबले.

"तुला कळत नाहीये, म्हणून आता तुला कळेल असं बोलतो. तीन दिवस तुझा बाप ह्या ओसरीवर शवपेटीत होता. येणारा जाणारा विचारत होता, थोरला मुलगा कुठाय? झाकण लावायची वेळ आली तेव्हा हुहाना म्हणाली, थांबा थोडं. थांबलो. पाऊस आला, तरी थांबलो. तू कुठे होतास?"

"रस्त्यावर," रेवी पुटपुटला.

"रस्त्यावर. आणि त्यानंतरची इतकी वर्षं?"

रेवीने हातातल्या फोटोकडे पाहिलं.

"तेव्हा रस्त्यावर, नंतरही रस्त्यावर. त्या रस्त्याने तुला एकदा तरी जेवलास का म्हणून विचारलं?"

असं कितीतरी वेळ चाललं. टोबीचं तोंड रडवेलं झालं. त्याने आत्याचा हात ओढला. "हा म्हातारा माझ्या बाबांना का बोलतोय?"

"आमचा आहे म्हणून," आत्या म्हणाली. "पाहुण्याला कोण बोलतंय?"

बोलून बोलून काकांना धाप लागली. त्यांनी काठी बगलेत घेतली, रेवीच्या मानेमागे हात घातला आणि कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवलं. रेवी तेव्हा रडला. मोठ्याने रडला, नाक गळेपर्यंत, आणि काकांनी त्याला सोडलं नाही.

त्यानंतर जेवण. लॉरेन आणि पोरांना लांब टेबलाच्या मधोमध मानाने बसवलं. डुकराचं मांस, रताळी, शिंपल्या, गरम तळलेली पावरोटी. रेवी लॉरेनच्या शेजारची खुर्ची ओढणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक जाडगेली चुलत बहीण डोकावली.

"ए शहरी बाबू, तू कुठे बसतोयस? पाहुणा आहेस का? मागे ये, भांडी साठलीत."

तो मागे गेला. कुणीतरी त्याच्या खांद्यावर पुसायचं फडकं फेकलं. वाफेत, साबणाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातलेले पाच-सहा जण एकमेकांची उणीदुणी काढत होते. थोड्या वेळाने तेही त्याच्या बस चालवण्यावर घसरले. थाळ्या पुसता पुसता रेवीही त्यांना उलट टोमणे मारू लागला, आणि आपण जेवलेलो नाही हे त्याच्या ध्यानातही राहिलं नाही.

हे असं निवांतपण टिकलं मात्र दोनच दिवस. तिसऱ्या सकाळी तो व्हॅनचं बॉनेट उघडून उभा होता. तुरेई काका काठी टेकत आले.

"निघायचंय?"

"नाही." त्याने तेलाची कांडी बाहेर काढली. "हो. पायाला चैन पडत नाही, काका. मला वाटलं होतं इथे आलो की थांबेल हे."

"तुझ्या बापाचं थांबलं होतं का? तोही तिसऱ्या दिवशी असाच बॉनेट उघडायचा. इथे आला की पोरिरुआची आठवण, तिथे गेला की इथली. आमच्या आईने त्याला कधी धरून ठेवलं नाही. वाटेसाठी भाकरी बांधून द्यायची."

 लहानपणी मागच्या बाकावरून दिसणारी बापाची मान रेवीला एवढी ठाम वाटायची. हा माणूस घरी चाललाय, ह्याला सगळं माहीत आहे, अशी.

"बाबा मला हे कधी बोलले नाहीत."

"गाडी चालवत होता ना. चालवणारा काय बोलणार?" काकांनी तेलाची कांडी त्याच्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ धरून बघितली आणि परत दिली. "तेल ठीक आहे. जायचं तर जा. पण पुढच्या वेळी कळवून ये, म्हणजे डुक्कर वेळेवर कापता येईल."

निघायच्या दिवशी अनाने जाहीर केलं की ती येत नाही. आत्याकडे राहणार, इथल्या शाळेत वर्षभर भाषा शिकणार. आत्याशी तिचं आधीच ठरलं होतं. लॉरेन दाराआड जाऊन डोळे पुसून आली आणि म्हणाली, राहू दे. रेवीने मात्र वाद घातला. थंडी पडते, डॉक्टर लांब आहे, तुला इथलं काय माहीत.

"डोंगर माहीत आहे," अना म्हणाली. "काल वर जाऊन आले. तुम्ही झोपला होतात."

परतीच्या वाटेवर रेवीने ओपोटिकीला व्हॅन थांबवून फोन लावला. अनाचा आवाज धापा टाकत होता.

"बाबा, आम्ही शिंपल्या काढायला निघालोय. भरतीचं पाणी चढायला लागेल. नंतर करा ना."

फोन बंद झाला. टोबी मागच्या बाकावर आडवा पसरला होता, आता जागाच जागा होती. लॉरेनने नवऱ्याला डब्यातली गार पावरोटी दिली. त्याने ती खाल्ली, गाडी सुरू केली आणि ऑकलंडपर्यंत कुठेही थांबला नाही. विमानतळावर मात्र तो पुन्हा काचेपाशी फेऱ्या घालत होता, आणि लॉरेन त्याला विचारत होती की ईस्टरला यायचं तर तिकिटं आत्ताच काढू का.