तहासाठी ओलीस

माझ्या थोरल्या साडूंइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडणार नाही. शिरूर अनंतपाळला त्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, पण त्यांना तिथं बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. चहा उभ्यानं, हिशेब उभ्यानं आणि बोलणं येरझाऱ्या घालत. "बसून ऱ्हायलेला सरदार म्हंजी मेलेला सरदार, पाव्हणं," असं मला दर भेटीत बजावतात. हा सरदार आपल्याकडचा नव्हे, जुन्या जपानातला. एका मंदीच्या हंगामात त्यांना मोबाइलवर सामुराई घराण्यांच्या लढाया बघायचा नाद लागला. मग त्यांनी मिळतील ती पुस्तकंही मागवली, आणि आमच्या घरात जपान शिरला तो कायमचा. तुरीवर अळी पडली म्हणून कुणी औषध मागायला आला, की आधी त्याला ताकेदा घराण्याच्या घोडदळाची गोष्ट ऐकावी लागते. "अळी बी तशीच, कडेच्या ओळीतनं घुसती!" औषध हातात पडेपर्यंत अळीनं निम्मं रान खाल्लेलं असतं. ऐनवेळी गट बदलणाऱ्या गावपुढाऱ्याला ते तोंडावर सांगतात, "सेकिगाहाराच्या लढाईत बी एकजण टेकडीवर फौज घिऊन बसलावता. उतरला ते आपल्याच लोकांवर!" पुढारी खूश होऊन हसतो, कारण त्याला ती स्तुती वाटते.

पण साडूंची स्वतःची लढाई एकच होती, सख्ख्या धाकट्या भावाशी. धाकटा नांदेडला नोकरीला, त्याच्या वाट्याचं रान बटईनं, निम्म्या पिकाच्या बोलीवर कसायला दिलेलं. बटईदाराचा ट्रॅक्टर दर पेरणीला दोघा भावांच्या रानांमधला सामाईक बांध थोडा थोडा कोरायचा. त्यावरून शब्दाला शब्द लागला आणि बोलणंच तुटलं. साडू मला ताकेदा आणि उएसुगी या दोन घराण्यांची गोष्ट सांगायचे, एकाच माळावर पुन्हा पुन्हा लढले, निकाल काही लागला नाही. साडूंना बांध नको होता, भाऊ हवा होता. पण हे तोंडानं म्हणतील तर शपथ!

मग त्यांच्या एकुलत्या लेकीला नांदेडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. वसतिगृहाची चौकशी चालू असताना साडूंनी जाहीर केलं, "तह करायचा. जपानात तह झाला की आपलं लेकरू समोरच्याच्या घरी ओलीस ठिवायचे. पोरगी धाकल्याकडं ऱ्हाईल."

"लेकरू हाय का खताचं पोतं, ठिवायला?" मेव्हणीबाई कडाडल्या.

मेव्हणीबाईंचं काय चुकलं? भावानं दारातून परत पाठवलं असतं, तर नातं कायमचं संपलं असतं आणि पोरीचा अपमान झाला असता तो वेगळाच. पण साडू ऐकेनात. लेकीला घेऊन निघाले, सोबत म्हणून मलाही नेलं. नांदेडपर्यंत साडू बसमध्येही दांड्याला धरून उभे. धाकट्यानं दार उघडलं. साडू उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "ही तुझ्याकडं ओलीस. आता बांधाचं तू बघ."

धाकट्यानं पोरीच्या हातातली बॅग घेतली, बायकोला हाक मारली आणि थोरल्याकडं न बघता म्हणाला, "दादा, जेवून जावा."

तह झाला. पुढच्या पेरणीआधी धाकट्यानं स्वतः गावी येऊन बांधावर दगड रोवले.

परवा मी शिरूरला गेलो. लेक दिवाळीला आली होती, पण पाडवा उरकताच परत निघायच्या तयारीत होती, काकूला एकटीला करमत नाही म्हणून. सुट्टीतही तिचा मुक्काम तिकडेच असतो. मी चेष्टेत म्हटलं, "साडूभाऊ, ओलीस तर शत्रूला जाऊन मिळाली!"

ते हसले नाहीत. "जपानात बी असंच व्हायचं, पाव्हणं. लेकरं त्या घरचीच हून जायची. म्या वाचलंवतं आधीच."

"मग धाडली कशाला?"

"धाकल्याला लेकरू न्हाई ना," ते म्हणाले, आणि नांदेडची बस आली का ते बघायला रस्त्यावर गेले.