तांदळाच्या डब्यातला बॅकअप

आमच्या वाशीच्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात एक जुना लॅपटॉप कायम चालू असतो. मी त्याला सर्व्हर म्हणतो, बायको डबडं म्हणते. देवाच्या पायाशी तो भक्तीमुळे गेलेला नाही. इन्व्हर्टरचा प्लग घरात तेवढाच एक मोकळा होता. आई मात्र दसऱ्याला त्याला झेंडू वाहते आणि हळदीकुंकू लावते, त्यामुळे त्याच्या झाकणावर कायमचा पिवळा डाग आहे.

आईला त्या डबड्याचं एवढं अप्रूप, कारण त्यात बाबांचा आवाज आहे. बाबांच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा. ही सोय त्यांनी चुकून चालू केली होती आणि बंद कशी करायची हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते गेल्यावर मी सगळे कॉल सर्व्हरवर टाकले. दुपारी जेवणं झाली की आई टॅब घेऊन आडवी होते आणि एखादा कॉल लावते. बाबा गॅसवाल्याशी भांडतात, पुण्याच्या आत्याला गुडघ्याला काय लावायचं ते सांगतात, आणि ते ऐकता ऐकता आईचा डोळा लागतो.

पण लॅपटॉपवरची सिस्टिम पार म्हातारी झाली होती. अपडेट येणं बंद झालेलं, आणि मधेच रुसून बंद पडायची ती वेगळीच. एका रविवारी मी जाहीर केलं की ही काढून नवी टाकतो.

"ह्यांचा आवाज राहील ना?" आईने विचारलं.

"राहील गं."

"आणि नाही राहिला तर? परत जुनं करता येईल?"

मी महापेच्या एका कंपनीत हीच कामं करतो. तिथे सिस्टिम बदलायला ढीगभर मंजुऱ्या लागतात, पण मला एवढा घाम फोडणारा मॅनेजर अजून भेटलेला नाही. मी समजावलं: सगळे कॉल आधी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवायचे, मग लॅपटॉप पुसून नवी सिस्टिम टाकायची, आणि शेवटी कॉल परत आत भरायचे. एक डिस्क बिघडली तरी दुसरी आहेच.

"मग दुसरी माझ्याकडे दे," आई म्हणाली. "तुझ्या खणात चार्जरसुद्धा सापडत नाही."

पुढच्या रविवारी मी मुहूर्त धरला. 'सगळं पुसायचं का?' असं लॅपटॉपने पुन्हा पुन्हा विचारलं आणि मी दर वेळी रुबाबात 'हो' दाबलं. नवी सिस्टिम झोकात बसली. मग मी माझी डिस्क जोडली. ती आतून टिकटिकली आणि गप्प झाली. मी वायर बदलली, डिस्क उलटी केली, हलवली, तिच्यावर फुंकरही मारली. शेवटी उसनं हसत विचारलं, "आई, तुझी डिस्क कुठाय?"

"तांदळाच्या डब्यात."

"तांदळाच्या?"

"तुझा फोन भिजला की तूच तांदळात ठेवतोस ना? म्हटलं, तिथे दमट नाही व्हायची."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "कुठल्या डब्यात? मी कालच सगळे तांदूळ काढून बोरिक पावडर लावून भरले."

"त्यात गाठ मारलेली पिशवी नव्हती?"

"होती. मला वाटलं, किडीसाठी आई बिब्बे घालतात तेच. परत तळाशी सारली."

मी भडकलो. ही काय वस्तू ठेवायची जागा झाली, घरात कपाटं नाहीत का, वगैरे. आई एवढंच म्हणाली, "तुझी तरी कुठे चालतेय?" पण तिचा चेहरा उतरला होता. मला खरोखर भीती वाटली. बाबा एकदा गेले ते कोणाच्या हातात नव्हतं. दुसऱ्यांदा गेले असते तर ते माझ्यामुळे.

वर्तमानपत्रं अंथरून आम्ही तिघांनी डबा पालथा केला. कोपरापर्यंत पांढरे झालो. पिशवी निघाली, तिच्यात दुसरी पिशवी, तिच्यात खणाचं कापड, आणि कापडात डिस्क, हळदीकुंकू लावलेली. पावडरीचा कणही आत शिरला नव्हता. जोडली, निळा दिवा लागला, आणि सगळ्या फायली ओळीने हजर झाल्या. मी आईकडे बघायचं टाळलं, कारण माझे डोळे भरले होते.

चहापर्यंत सगळं परत आत भरून झालं. तपासायला कॉल कुठला लावायचा? बिघडला तरी कोणाला हळहळ वाटणार नाही असा हवा. बाबांचे 'प्लंबर' नावावर पुष्कळ कॉल होते आणि आईने ते कधीच लावले नव्हते. नवरा नळाबद्दल काय बोलतो ते कोण ऐकणार? मी त्यातला एक लावला.

"काय आहे आज ताजं?" बाबांचा खणखणीत आवाज.

"दादा, बोंबील हाय, सुरमय हाय. कवा येनार?" एक बाई म्हणाली.

"खाडीवर फिरायला जातो सांगून निघतोय. दिवाळे गावात पोचेपर्यंत चार बोंबील तळून ठेव. आणि हे बघ, घरी श्रावण आहे. तू फोन करू नकोस."

"नाय करनार. वयनीला ठावं नाय ना?"

"तिला कळलं तर मला अळूच्या फदफद्यात बुडवेल!"

बायकोने तोंडावर पदर दाबला. मी कॉल बंद करायला हात पुढे केला, तो आईने बाजूला सारला.

"श्रावणात!" ती म्हणाली. "आणि वर घरी येऊन माझं फदफदं मिटक्या मारत खायचे. लबाड कुठले!"

बाबा गेल्यापासून आईच्या बोलण्यात ते कधी खोटं बोलले नव्हते, कधी चिडले नव्हते. तिच्या बोलण्यातले ते बाबा मला ओळखूच येत नसत. आता ती कमरेवर हात ठेवून देव्हाऱ्याखालच्या डबड्याला झाडत होती, हसत होती, आणि रडतही होती. कितीतरी दिवसांनी मला ते दोघं घरात असल्यासारखे वाटले.

मग तिने डोळे पुसले आणि मांडी ठोकून खाली बसली.

"आमचे नळ किती वेळा गळत होते ते बघू दे मला," ती म्हणाली. "पुढचा प्लंबर लाव."