घरच्या कुलपाला आवतण

पालीच्या आरोग्यसेविका ताईंनी मला विचारलं होतं, "म्याडम, बायकांनी सांगितल्यालं आमी ह्या मोबाईलात भरतो, ते किती वर्सं झाकल्यालं ऱ्हाईल?"

या नोंदी जिथे साठतात, तो भोरच्या दवाखान्याचा सर्व्हर मी घरी बसून सांभाळते. उत्तर ठाऊक होतं, आणि ते देताना मला लाज वाटली. आज कुणी त्या नोंदी वाटेत चोरून ठेवल्या, तर त्याला त्या वाचता येणार नाहीत. पण पुढे क्वांटम संगणक, म्हणजे वेगळ्याच रीतीने हिशेब करणारी यंत्रं आली, की नोंदी सांकेतिक करून झाकणारं आपलं जुनं कुलूप टिकणार नाही आणि चोरून ठेवलेलं तेव्हा उघडेल. आणि नोंदी कसल्या, तर अंगावरून जाणं, पडलेले गर्भ, नवऱ्याकडून आलेले आजार.

"मग न्हाई भरत. वहीच बरी," ताई म्हणाल्या. वही पालीत आणि डॉक्टरीणबाई भोरला. म्हणजे बायका विनाऔषधाच्या.

म्हणून मी नवं कुलूप आणलं. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये ते आधीच आलेलं होतं, राहिला होता माझा सर्व्हर. सोय छान होती: कुलूप लावणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला हात न लावता एक सुटा भाग, मॉड्यूल, शेजारी जोडायचा. मग जुनं आणि नवं, दोन्ही कुलपं एकदम लागतात. सेटिंगच्या फायलीत मी नव्या मॉड्यूलचं नाव लिहिलं, ताईंना कळवलं, "आजपासून भरा," आणि ऐटीत चहा टाकला.

चहाला उकळी फुटायच्या आत फोन आला. "म्याडम, काईच उघडंना! हितं एक बाई बसलीया. लई मिनतवारीनं आलीया. आता उठाया लागली."

आधी मी रेंजला शिव्या घातल्या. "रेंज हाय की!" ताई म्हणाल्या. मग लॅपटॉपला घातल्या. मग निमूटपणे फाईल वाचली. काहीच लिहिलं नाही, तर प्रोग्रॅम आपलं नेहमीचं जुनं मॉड्यूल आपणहून घेतो. पण एकाचं जरी नाव लिहिलं, तर फक्त लिहिलेल्यांनाच आत घेतो. मी पाहुण्याचं नाव लिहिलं होतं आणि सगळं काम करणारं जुनं मॉड्यूल दाराबाहेर उभं होतं. खाली जुन्याचंही नाव लिहिलं. एक ओळ, तीही पहिल्यांदा चुकले.

"बघा बरं आता."

"उघडलं!"

मी चहाखालचा गॅस बंद केला. काय झालं ते सांगितल्यावर ताई मोठ्यानं हसल्या. "घरच्यांनाबी आवतण लागतं व्हय?" मागून आणखी एक हसू ऐकू आलं. ती बाई अजून बसलेली होती.

नोंद आली. मी नोंदी उघडून बघत नाही, आल्याचं तेवढं कळतं. मग ताईंनी विचारलं, "ती इचारतीया, उद्या तिच्या लेकीच्या सासरी कळंल का?"

"माणसाला आज जेवढं ठाऊक आहे, त्यात तरी नाही. तसं सांगा तिला."

पलीकडे ताईंनी सांगितलेलं मला ऐकू आलं. त्यावर ती बाई म्हणाली, "मग अजून एक सांगायचं ऱ्हायलंय."