दुसरी पिशवी

"लिम्फोमा वापस आया है," डॉक्टर म्हणाले आणि लगेच पुढच्या रुग्णाची फाइल उघडली. माझा राग तिथूनच सुरू झाला.

लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. आता स्टेम सेल ट्रान्सप्लांट करायचं ठरलं. माझ्याच रक्तातल्या मूळ पेशी काढून गोठवायच्या, जबर केमो देऊन हाडांतली मज्जा रिकामी करायची आणि मग त्या पेशी परत चढवायच्या. गोठताना पेशींत बर्फाचे कण होऊन त्या फुटू नयेत म्हणून डीएमएसओ नावाचं द्रव्य घालतात. हे मला कुणीही सांगितलं नाही. सह्या तेवढ्या घेतल्या.

केमो झाली. परत चढवायच्या पेशींच्या दोन पिशव्या होत्या. पहिली सुरू झाली आणि छाती आवळली, नाडी मंदावली, उलट्या थांबेनात. ती कशीबशी संपली, तर खोलीभर लसणाचा वास. सिस्टर आल्या त्या थेट माझ्या सासूबाईंवर घसरल्या. "आंटीजी, लहसुन की चटनी खिलाई है क्या? मना किया था ना?"

सासूबाई फरीदाबादच्या आमच्या घरून रोज कुकरमधला मऊ भात आणायच्या. त्यांचा चातुर्मास. आषाढी एकादशीपासून घरात लसणाची पाकळी नव्हती. हे त्यांनी सिस्टरना तावातावाने मराठीत ऐकवलं. मग माझ्याकडे वळल्या, "वृंदा, खरं सांग, कुणाकडून मागवून खाल्लंस?" मला बोलायचंही त्राण नव्हतं. संतापाने रडू आलं.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "अरे, वो तो डीएमएसओ की स्मेल है. सबको आती है." शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकतं. छाती आवळली तीही त्यानेच. सगळ्यांना येतो, तर सगळ्यांना सांगत का नाही?

दुसरी पिशवी घेणार नाही, असं मी सांगून टाकलं.

"आधे सेल्स से काउंट शायद न आए," ते म्हणाले. म्हणजे रक्तात नव्या पेशी तयार होणार नाहीत आणि साध्या तापानेही जीव जाईल. याहून कमी विषारी काही नाही का, मी विचारलं. तर आहे म्हणे. काही ठिकाणी डीएमएसओ निम्मं करून सोबत स्टार्च घालतात, साखरेसारख्या द्रव्यांवर संशोधन चालू आहे. "हमारे यहाँ पुराना ही चल रहा है." इतक्या सहज म्हणाले, की पाण्याचा ग्लास फेकून मारावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेतली, पण माझ्या अटींवर. आधी उलटीचं औषध, मग जरा सावकाश, आणि डॉक्टर खाटेपाशी उभे. फार सावकाश नाही, कारण वितळल्यावर ते द्रव्य पेशींनाही मारतं. हेही तेव्हाच कळलं. सासूबाई माझे पाय चोळत बसल्या होत्या. सिस्टरशी त्यांनी अबोला धरला होता.

तुमच्यावर ही वेळ आली तर सहीआधी विचारा, पेशींत काय घालता, किती घालता, त्याने मला काय होईल. भीड बाळगू नका.

काउंट आले. घरी सोडताना मी डॉक्टरांचे मनापासून आभार मानले आणि विचारलं, आता तरी रुग्णांना आधी सांगणार का? ते हसले. "आप तो ठीक हो गईं. अब गुस्सा किस बात का?"

"ठीक हो गई, इसीलिए," मी म्हटलं. "जो नहीं हुए, वो पूछने थोड़ी आएँगे."