पानाखालची लव

माझी आत्या तीस वर्षं वनस्पती-संग्रहालयात वाळलेली रोपटी कागदावर चिकटवते. मी त्याच खोलीत लेबलं टाइप करते, म्हणून छातीठोकपणे सांगते: त्या मंगळवारी घडलं तसं इथे पूर्वी कधीच घडलं नव्हतं!

झालं असं, की कपाटं तुडुंब भरलेली. एकाच झुडपाचे जादा नमुने काढून टाकायला बाहेरून तज्ज्ञ साहेब आले. दोन गठ्ठ्यांपाशी थांबून म्हणाले, "हे एकच झुडूप. पानं तीच, फुलं तीच. छोटा गठ्ठा रद्दीत." छोट्यात तीनच कागद होते.

"साहेब, दोन वेगळी आहेत," आत्या म्हणाली. "छोट्यातल्या पानांना खालून लव आहे. चिकटवताना बोटांना लागली होती." हे ती पहिल्या वर्षापासून सांगत होती आणि सगळे तिला हसत होते. महिनाअखेर ती निवृत्त होणार. मग त्या झुडपाची बाजू घ्यायला कोण होतं?

"दाखवा."

इथेच तर घोडं पेंड खात होतं! आमच्याकडे रीत अशी, की कागदावर एक तरी पान उलटं चिकटवायचं, म्हणजे त्याची पाठ दिसते. पण हे तीन कागद आत्याचे पहिलेवहिले. देखणं दिसावं म्हणून बाईसाहेबांनी सगळी पानं सुलटी चिकटवलेली. पुरावा डिंकाखाली!

"माझीच अक्कल शेण खायला गेली होती," म्हणत तिने मला कोमट पाण्यासाठी पिटाळलं. थेंब थेंब पाणी, मग बोथट सुरी.

"फाटेल गं!" मी किंचाळले.

"तू आधी तोंड आवर!"

पहिलं पान फाटलंच. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मला अस्सा राग आला! दुसरं मात्र अख्खं सुटलं.

भिंगातून बघता बघता साहेब खुर्चीतून उठलेच. "अहो, लव! डिंकात भिजलीय, पण केवढी दाट! मोठ्या गठ्ठ्यातली पाठ तर गुळगुळीत आहे. दोन आहेत, दोन!" मी कामाची जागा विसरून टाळ्याच पिटल्या.

साहेबांनी कोरी चिठ्ठी घेतली. वनस्पती कोणी ओळखली, त्या रकान्यापाशी थांबले आणि पेन आत्याकडे सरकवलं.

"मी सातवी पास आहे हो."

"ओळखलंत ना तुम्ही? मग लिहा."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवणारी माझी आत्या लिहायला बसली. मला कुठला धीर! "अगं, आडनाव पण लिही!"

"थांब गं," ती डोळे पुसत म्हणाली, "आधी नाव तरी लिहून होऊ दे."