लाल चिमटा

त्या सोमवारी मी लाल चिमटा चुकीच्या कार्डाला लावला. गुन्हा म्हणावा तर एवढाच.

आमच्या रॉड अँड गन क्लबच्या भिंतीवर कपडे वाळत घालायची एक दोरी ताणलेली आहे. आमच्या मोंटाना राज्याचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, नव्वद दिवस बसतं. त्या काळात बंदुका आणि शिकार यांच्याबद्दल जे जे बिल येईल त्याचं कार्ड या दोरीवर लटकतं. हिरवा चिमटा म्हणजे पाठिंबा, लाल म्हणजे विरोध, आणि चिमटाच नाही म्हणजे मिसेस टॉलेफ्सननी ते अजून वाचलेलं नाही. सभासद बिलं वाचत नाहीत, ते चिमटे वाचतात.

मिसेस टॉलेफ्सन चौऱ्याहत्तर वर्षांच्या. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. त्या बसमधून मी जायचो, त्यामुळे त्यांना ‘व्हर्ना’ म्हणायला अजून माझी जीभ वळत नाही, आणि त्याही मला अधूनमधून ‘नीट बस’ म्हणतात. दर नोव्हेंबरात एल्क जातीचं एक मोठं हरीण स्वतः मारतात, स्वतः कापतात, आणि निम्मं मांस गावात वाटतात. बिल मात्र शेवटच्या पानापासून वाचतात.

“पुढची पानं शुभेच्छापत्रासारखी असतात रे ऑरिन,” त्या म्हणतात, “सुरी मागे असते.”

सोमवारी त्यांची दाढ दुखत होती. दंतवैद्याच्या दारातून त्यांनी मला फोनवर सांगितलं, “चारशे एकवीसला लाल, चारशे बाराला हिरवा. ऐकलंस?” ऐकलं होतं. एका हातात डोनट होता, दुसऱ्या हातात चिमटे. मग मी लावलेले चिमटे पाहून मीच सगळ्यांना फोन केले: चारशे बारा, लाल, आजच आमदारांना निरोप पाठवा. आमचे सभासद आज्ञाधारक आहेत. त्यांनी पाठवले.

चारशे एकवीस बड्या जमीनमालकांना एल्कचे जादा परवाने देणारं होतं. चारशे बारा जेमतेम दीड पानाचं. कुणी आपल्या बंदुका शेजाऱ्याकडे विश्वासाने ठेवल्या आणि मग परत मागितल्या, तर शेजाऱ्याला सात दिवस ‘थांब’ म्हणता यावं, आणि तेवढ्यावरून त्याला चोर ठरवू नये. क्लबात यावर कुरकुर झालीच होती. “बंदूक माझी, मग थांब म्हणणारा तो कोण?” असं एकाने विचारलं.

“घरात एकटा राहून बघ, मग विचार,” मिसेस टॉलेफ्सन म्हणाल्या.

त्यांना हे बिल का हवं होतं ते मला माहीत होतं. नोव्हेंबरात त्यांचा शेजारी लायल ब्रेनर्ड याची बायको मर्ना गेली. डिसेंबरात लायलने सगळी गुरं विकली. जानेवारीत तो मर्नाच्या गोधडीत तीन रायफली गुंडाळून त्यांच्या दारात उभा राहिला. “थोडे दिवस ठेव, व्हर्ना.” मिसेस टॉलेफ्सननी “तेल लावलंयस ना?” एवढंच विचारलं, आणि रायफली तळघरातल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केल्या. आमच्याकडे अशा वेळी यापेक्षा जास्त कुणी विचारत नाही.

बुधवारी दुपारी क्लबातल्या कॉम्प्युटरवर आम्ही विधिमंडळाच्या समितीचं कामकाज पाहत होतो. चारशे बारा पुकारलं गेलं. बाजूने निरोप दोन, विरोधात एकसष्ट. कुणीतरी ते टेबलावर ठेवायची सूचना केली आणि पाच मिनिटांत ते टेबलावर गेलं. आमच्या राज्यात बिल टेबलावर ठेवतात ते वाढण्यासाठी नाही, पुरण्यासाठी.

मिसेस टॉलेफ्सननी दोरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“आपले सभासद किती?”

“एकसष्ट,” मी म्हणालो. “सगळ्यांना पुन्हा फोन करतो.”

“परवा मुदत संपते. परवापर्यंत जे दुसऱ्या सभागृहात गेलं नाही ते मेलं. मेलेल्याला फोन करतोस?”

त्यांनी कार्ड उलटं केलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात बाहेर पिकअप थांबली. लायल आत आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. त्याने माझ्यासमोर गाडी ओढायची साखळी ठेवली, नऊ वर्षांपूर्वी नेलेली. मी विसरूनही गेलो होतो. मिसेस टॉलेफ्सनपुढे काचेचं भांडं ठेवलं. अंत्यविधीनंतर त्यांनी त्यात जेवण पाठवलं होतं. भांडं लख्ख धुतलेलं, तळाला त्यांच्या नावाची चिकटपट्टी तशीच.

“आठवडाभर हेच चाललंय,” तो हसत म्हणाला. “ज्याचं त्याला. आता तरी माझ्या नावाने ओरडू नकोस, ऑरिन.”

कितीतरी दिवसांनी तो हसत होता. मला ते हसू आवडलं नाही.

“व्हर्ना, रायफली घेऊन जाईन म्हणतो. कोयोट कोल्हे वासरांच्या मागे लागलेत.”

लायलच्या कुरणात डिसेंबरापासून एक वासरू नाही. हे त्याला माहीत होतं, आम्हालाही.

“तिन्ही?” त्यांनी विचारलं.

“तिन्ही.”

“शनिवारी ये. जेवायलाच ये. एल्कचा रस्सा करते.”

तो दारापर्यंत गेला आणि वळला. “कुत्रं कुणाला हवंय का, विचाराल जरा? गुणी आहे.”

पिकअप वळणापलीकडे जाईपर्यंत मिसेस टॉलेफ्सन खिडकीतून हलल्या नाहीत. मग त्यांनी बिलिंग्ज शहरात राहणाऱ्या लायलच्या बहिणीला फोन लावला. “फे, गाडी काढ. नाही, शनिवारी नाही. आत्ता.” नंतर पाद्रीबाबांना. “कॉफी प्यायला लायलकडे जा. फे येईपर्यंत कॉफी संपता कामा नये.” मग कोट चढवला, लायलकडे सगळ्यांच्या आधी मीच पोचते म्हणाल्या, आणि जुडग्यातून कपाटाची चावी काढून कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

“पण मिसेस टॉलेफ्सन,” मी म्हणालो, “बिल तर मेलं. उद्या त्याने मागितल्या आणि तुम्ही दिल्या नाहीत, तर कायद्याने ती चोरी होते. शेरीफला काय सांगणार?”

“चावी तू हरवलीस म्हणेन, कुणालाही पटेल.”