कर्नाकच्या गाभाऱ्यात, बूट घालून

इजिप्तला जायचं आमचं ठरलं ते रागाच्या भरात, एका रविवारी सकाळी, अमेरिकेत, डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये.

आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली आहे. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर झाली. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये भारतातून आलेल्या आईवडिलांचं एक कारपूल आहे. दर रविवारी ते देवळात जातं. ज्यांची मोठी गाडी आहे त्या काकू आईलाही बोलवायला आल्या.

"मी देवळात जात नाही. आम्ही बौद्ध आहोत," आई म्हणाली.

"अहो, तिथे कोण विचारतंय! नुसतं फिरायला चला. नाहीतर दिवसभर घरात बसून राहाल. आम्ही नाही नेलं तर तुम्हाला नेणार कोण?"

काकू मनाने वाईट नाहीत, पण ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. "मी नेणार की! इजिप्तला!" मी म्हटलं. इजिप्त कुठून सुचलं, देव जाणे. म्हणजे, तोही जाणत नसावा. पण आईने शब्द पकडला. शाळेच्या पुस्तकातलं पिरॅमिडचं चित्र तिच्या मनात होतं. "बोलली ना? मग ने आता," एवढंच म्हणून ती वर निघून गेली.

आईच्या त्या 'नाही'मागची गोष्ट आमच्या घरात लहानपणापासून सगळ्यांना पाठ आहे. पाचवीत असताना वर्गातल्या मुली गावातल्या देवळात गेल्या. आईची जिवलग मैत्रीण कुसुमही गेली. आईला पायरीशी थांबवलं आणि सांगितलं, तू सगळ्यांच्या चपला सांभाळ. तिने सांभाळल्या. पुढे आमच्या घराने धम्म घेतला, बावीस प्रतिज्ञा आल्या, पण आई म्हणते की देऊळ तिच्या मनातून त्या दिवशीच उतरलं. कुसुममावशीशी मैत्री मात्र आजही आहे.

आता तयारी. मित्रांनी आधी घाबरवून सोडलं. "यार, सध्याच्या दिवसांत देशाबाहेर कशाला जातेस? परत येताना अडवलं तर?" माझ्या अमेरिकन व्हिसाची मुदत शिल्लक होती, आईचाही व्हिसा चालू होता. घाबरून घरात बसायचं तर काकूंचंच खरं झालं असतं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा आठवडा धरून इस्तंबूलमार्गे तिकिटं काढली. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर लक्षात ठेवा, आमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा वापरलेला व्हिसा असल्यामुळे आम्हाला कैरोच्या विमानतळावरच व्हिसा मिळाला. नियम बदलत असतात, जाण्याआधी तपासा.

गिझाला पहिल्याच सकाळी गेलो. पिरॅमिडपेक्षा उंटवाले आधी दिसतात. "नमस्ते इंडिया! कॅमल? चीप प्राइस!" आई त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता सरळ चालत राहिली. पिरॅमिडच्या आत उतरायला वेगळं तिकीट असतं. वाट इतकी ठेंगणी की कमरेत वाकूनच चालावं लागतं. गुडघे दुखत असतील तर जाऊ नका. आईचे दुखतात, तरी ती गेली. आत एक रिकामी दगडी पेटी आहे, बाकी काही नाही. "एवढा डोंगर उभा केला, अन् माणूस गायब," बाहेर येऊन घाम पुसत ती म्हणाली.

दुपारी कोशरी खाल्ली. भात, मसूर, मॅक्रोनी, शेवया, छोले, वर तळलेला कांदा आणि आंबटतिखट टोमॅटो. रस्त्यावर मिळते, अगदी स्वस्त, पोटभर. आईच्या मते हा खिचडीचा अपमान आहे, पण वाटी तिने चाटूनपुसून साफ केली.

दुसऱ्या दिवशी विमानाने लक्सरला पोचलो, आणि तिथे माझा मूर्खपणा उघडा पडला. गाइड मोना, पस्तिशीची, मोठ्या हसण्याची बाई, हॉटेलात बसून कार्यक्रम सांगत होती: कर्नाक टेंपल, लक्सर टेंपल, एडफू टेंपल... पॅकेज घेताना मी नुसते फोटो पाहिले होते. जन्मात देवळाची पायरी न चढलेल्या बाईला मी तीन दिवसांच्या देवळांच्या सहलीला आणलं होतं!

"अगं, इथे पूजा होत नाही. म्युझियमच समज. ते देव कधीच मेले," मी सारवासारव केली.

"मेला तरी देव तो देवच. मी बाहेर बसते. तू जाऊन ये."

लक्सरमधला पहिला दिवस थडग्यांचा होता म्हणून निभावलं. राजांच्या खोऱ्यात एका तिकिटावर तीन थडगी बघता येतात. तिकिटाच्या बहुतेक खिडक्यांवर कार्डच चालतं, रोख नेऊन उपयोग नाही. छतावर निळ्या रंगात पिवळ्या चांदण्या काल काढल्यासारख्या ताज्या आहेत. पण आई रमली ती डोंगरापलीकडे, देर अल-मदिनाला. ही थडगी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांची वस्ती तिथे होती. त्यांनी स्वतःसाठीही लहान लहान थडगी रंगवली आहेत. खोलीएवढ्या जागेत पिवळीधमक भिंत, आणि तिच्यावर पांढरे कपडे घातलेले नवराबायको स्वर्गात नांगर धरून शेत कसताहेत.

"मेल्यावरही कामच करून राहिले बिचारे," आई म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली. "पण घर चांगलं रंगवलं स्वतःचं." तुमच्याकडे एकच दिवस असेल तर राजे सोडा, इथे या.

दुसऱ्या दिवशी कर्नाक. दारात आई अडली. मी चिडले, एवढे पैसे, एवढी रजा, वगैरे सगळं बोलून घेतलं. ती ऐकेना. शेवटी मोनानेच तोडगा काढला: पुढच्या भागाला छतच नाही, पडझड आहे, तिथपर्यंत या. छत नाही म्हणजे आईच्या हिशेबाने देऊळ नाही. मेंढ्याच्या तोंडाच्या मूर्तींमधून, चार माणसांनी कवेत धरला तरी पुरणार नाही अशा खांबांच्या जंगलातून ती चालली, मान वर करकरून बघत. पण आतल्या ग्रॅनाइटच्या खोलीपाशी आलो आणि ती ओळखून थांबली. गाभारा कुठेही गेलं तरी ओळखू येतो. "बस. इथून पुढे नाही," म्हणत समोरच्या दगडावर बसली.

मोना तिच्याशेजारी टेकली. तिचं इंग्रजी साधं होतं, आईला समजत होतं. इथे फक्त राजा आणि पुजारी येऊ शकत, तिने सांगितलं. सामान्य माणसांना सणाच्या दिवशी बाहेरच्या अंगणापर्यंत मुभा. एरवी देवळाच्या पाठीमागे एक जागा होती, तिथे बाहेरूनच देवाला गाऱ्हाणं सांगायचं.

"हे दगड कोणी आणले?" आईने विचारलं.

"त्याच लोकांनी."

तेवढ्यात मागून आवाज आला, "अय्या, मराठी!" न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेचं एक जोडपं, आईहून आठदहा वर्षांनी लहान. काकू मूळच्या पुण्याच्या. भराभर ओळखी झाल्या. कुठल्या, इकडे कोणाकडे, जेवणाचं काय करता. मग काकांनी गाभाऱ्याकडे पाहिलं आणि दोघांनीही सवयीने पायातल्या चपला काढल्या. हजारो मैलांवरून आलेले जर्मन आणि जपानी बूट घालून आतबाहेर करत होते, आणि आपली माणसं मेलेल्या देवापुढे अनवाणी! काकूंनी चपला नीट जोडून आईच्या पायाशी ठेवल्या.

"मावशी, तुम्ही इथे बसलाच आहात तर जरा चपलांवर लक्ष ठेवाल? आलोच आम्ही."

त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी पुढे व्हायला गेले, पण आईने हाताने मला थांबवलं. त्या चपलांकडे ती क्षणभर बघत राहिली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"नाही हो. मीही आतच चालली."

आणि ती गेली. अर्विंगच्या सेलमध्ये घेतलेले पांढरे स्पोर्ट शूज घालून, नाड्या घट्ट बांधलेल्या, सरळ गाभाऱ्यात. मी तिच्या मागे. आत अंधारलेलं, थंड होतं. मध्ये देवाचा रिकामा ओटा. आईने हात जोडले नाहीत, मान झुकवली नाही. हात पाठीमागे बांधून, दवाखान्यात राउंड घ्यायची तशी चारही भिंती बघून आली.

काकू कुजबुजल्या, "मावशी, बूट..."

"असू द्या," आई शांतपणे म्हणाली. "ज्यांनी हे बांधलं त्यांना इथं येऊ देत नव्हते. त्यांच्याकडून आली मी." मग माझ्याकडे वळून, "फोटो काढ. बूट दिसले पाहिजेत."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. बाहेर आलो तेव्हा काकाकाकूंच्या चपला जागेवर होत्या. कोपऱ्यातला रखवालदार त्या आपणच सांभाळल्याचं सांगत बक्षीस मागत होता. काकांनी दिलं, हसून. जाताना काकूंनी आईचा हात घट्ट दाबला. त्यांना कितपत उमगलं, मी सांगू शकत नाही.

त्यानंतर आईने एकही देऊळ सोडलं नाही. लक्सर, एडफू, सगळीकडे पायऱ्या चढून थेट शेवटच्या खोलीपर्यंत. मीच थकले.

परतताना डॅलसच्या विमानतळावर ऑफिसरने आईला विचारलं, इजिप्तला कशाला गेला होता? आई म्हणाली, "टू सी इनसाइड." त्याने शिक्का मारला.

आता अर्विंगला परत येऊन दोन आठवडे झाले. पुढच्याच रविवारी कारपूलच्या काकूंनी विचारलं, "काय मग, शेवटी देवळंच बघितलीत ना?" आई म्हणाली, "बघितली. तुमच्याबरोबर येणार नाही ते नाहीच." काकू आता आमच्याकडे चहाला येतात, देवळाचं काढत नाहीत. माझं विचाराल तर पिरॅमिड आताच पुसट झाले आहेत. पिवळी भिंत आठवते, आणि ओट्यासमोर हात बांधून उभी असलेली आई.

तो फोटो तिने शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खाली काही न लिहिता. पन्नास नमस्कार आणि फुलं आली. कुसुममावशीचं मात्र काही आलं नाही. तिचा फोन आला दुसऱ्या दिवशी, मी भाजी चिरत होते, स्पीकर चालू होता. इकडचंतिकडचं बोलणं झालं.

"शांते," मावशी म्हणाली, "तुझ्या चपला कोणी सांभाळल्या गं?"

"पायातच होत्या," आई म्हणाली.